भूतदया, पाचशेची पावती आणि शेजारच्यांची गॅलरी

सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर पशुपक्ष्यांना खाऊ घालण्याचा वाद पेटला की कायदा आपल्याच खिशात आहे असं दोन्ही बाजूंना वाटतं. एक म्हणतो, मुक्या जिवांना खाऊ घालणं हा घटनेने दिलेला हक्क आहे. दुसरा म्हणतो, दाणे टाकलेत तर थेट तुरुंग. खरी गोष्ट अशी की 'खायला घालू नका' असं सरसकट बजावणारा एकच एक कायदा आपल्याकडे नाही. प्राणी कोणता, जागा कोणती आणि त्रास कोणाला होतो, यावर नियम बदलतो. घोटाळा होतो तो इथेच. कुत्र्यांचा नियम माकडांना लावला जातो आणि कबुतरखान्याचा निकाल चिमण्यांच्या वाटीला.

"वन्यप्राण्यांना खायला घालणं हा सगळीकडेच गुन्हा आहे"

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 मध्ये 'खायला घालू नये' असं स्पष्ट लिहिलेलं आहे ते प्राणिसंग्रहालयाबद्दल. त्याच्या कलम 38-जे मध्ये प्राण्यांना चिडवणं, इजा करणं यांच्याच रांगेत त्यांना खायला देणंही येतं. म्हणजे राणीच्या बागेत पिंजऱ्यापुढे शेंगा भिरकावणारे काका कायद्याच्या नजरेत काठीने डिवचणाऱ्या पोराच्याच पंगतीला बसतात. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात प्राण्यांना छेडणं आणि कचरा टाकणं यांना मनाई आहे. कर्नाळ्याला माकडांपुढे वेफर्सचं पाकीट फेकलं तर निदान ते पाकीट तरी नक्कीच गुन्ह्यात मोडतं.

याच कायद्यातली एक तरतूद मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते. 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत मारणं आणि पकडणं याबरोबर आमिष दाखवणंही धरलेलं आहे. बिबट्या फोटोत यावा म्हणून बंगल्यामागे कोंबडी बांधून ठेवणाऱ्या हौशी छायाचित्रकाराने हे वाचून ठेवावं.

राहत्या वस्तीत मात्र हा कायदा दाण्यापाण्याबद्दल थेट काही सांगत नाही. तिथे महापालिकेचे उपविधी आणि भारतीय न्याय संहिता लागू होतात. त्यांची ताकद किती, हे मुंबईने 2025 मध्ये पाहिलं.

"फार तर पाचशेची पावती फाडतील"

बृहन्मुंबई महापालिकेच्या 2006 च्या स्वच्छता उपविधींनुसार नेमून न दिलेल्या जागी पशुपक्ष्यांना खायला घातलं तर 500 रुपये दंड आहे. इतकी वर्षं तो बहुतेक कागदावरच राहिला. ज्वारीची गोणी रिकामी करणाऱ्याला 500 रुपये म्हणजे पुण्यावरचा किरकोळ अधिभार.

जुलै 2025 मध्ये विधान परिषदेत हा प्रश्न आला आणि मुंबईतले 51 कबुतरखाने बंद करण्याची घोषणा सरकारने केली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने सुरुवातीला दोन गोष्टी वेगळ्या केल्या: कबुतरखान्यांच्या जुन्या वास्तू पाडू नका, पण तिथे दाणे टाकायची परवानगीही मिळणार नाही. दादरच्या कबुतरखान्याबद्दल बोलताना हा फरक सतत विसरला जातो. मुळात कारंजं म्हणून बांधलेली ती वास्तू वारसा यादीत आहे. तिथे पडणारी ज्वारी त्या यादीत नाही.

30 जुलैला न्यायालयाने पुढचं पाऊल टाकलं आणि आदेश धुडकावून दाणे टाकणाऱ्यांवर फौजदारी गुन्हे नोंदवायला सांगितलं. त्यानंतर दादरला ताडपत्री लागली. ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात जमावाने ती फाडली. 11 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाच्या आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला. पुढे तज्ज्ञ समिती नेमली गेली आणि दरम्यानच्या काळासाठी पालिकेने चार जागी, ठराविक वेळेपुरती, दाणे टाकायला तात्पुरती मुभा दिली.

फौजदारी म्हणजे काय, तेही पाहायला हवं. सार्वजनिक उपद्रवाबद्दल न्याय संहितेत 1,000 रुपयांपर्यंत दंड आहे. जीवघेणा रोग पसरू शकेल असं निष्काळजी कृत्य केलं तर कलम 271 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. स्वतःच्या गॅलरीत दाणे टाकणारे यातून आपोआप सुटतात असंही नाही. खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि एसीवर रोज विष्ठा पडत असेल, तर तो शेजारी दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागू शकतो. गॅलरी तुमची असली तरी हवा दोघांची आहे.

"घटनेनेच भूतदया सांगितली आहे"

सांगितली आहे, यात शंका नाही. कलम 51-अ (जी) नुसार सजीवांबद्दल करुणा बाळगणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य आहे. त्याच्या लगेच पुढच्या उपकलमात वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासण्याचं कर्तव्यही आहे. ते सहसा कोणी उद्धृत करत नाही. आणि धर्मस्वातंत्र्य देणाऱ्या कलम 25 ची सुरुवातच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून होते. दाणे टाकणं हा श्रद्धेचा भाग आहे असं मानलं, तरी शेजाऱ्याच्या फुप्फुसांचा प्रश्न त्याच कलमात आधी येतो.

फुप्फुसांबद्दल दोन टोकांचे गैरसमज आहेत. आमचे आजोबा जन्मभर कबुतरांना दाणे घालत, त्यांना काही झालं नाही, हा पहिला. कबुतर दिसलं की दमा झालाच, हा दुसरा. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेतली आणि पिसांवरच्या भुकटीतली प्रथिनं श्वासातून आत जातात आणि काही जणांची प्रतिकारशक्ती त्यांच्याविरुद्ध पेटून उठते. हा हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. तो जंतुसंसर्ग नाही, म्हणून तो एकाकडून दुसऱ्याला होत नाही आणि अँटिबायोटिकने बराही होत नाही. सर्वांना होत नाही, हे खरं. ज्याला होतो त्याला मात्र संपर्क तोडणं हाच पहिला उपचार असतो, आणि वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं तर फुप्फुसाला कायमचे व्रण पडतात. विष्ठेतून पसरणारे बुरशीचे आजार वेगळेच.

"आपण दिलं नाही तर उपाशी मरतील"

यावर आपल्याकडे भावनेने बोलणारे पुष्कळ आहेत, म्हणून जरा दूरचा पुरावा देतो. स्वित्झर्लंडच्या बाझेल शहराने 1961 ते 1985 या काळात सुमारे एक लाख कबुतरं मारली. संख्या काही हटली नाही, कारण अन्न तेवढंच होतं आणि रिकाम्या जागा नवी पिल्लं भरून काढत होती. 1988 मध्ये शहराने दिशा बदलली. लोकांना दाणे टाकणं कमी करायला समजावलं, देखरेखीखालची खुराडी उभारली, त्यातली अंडी काढून घेतली. 50 महिन्यांत कबुतरं जवळजवळ निम्मी झाली.

पारवा मुळात कड्याकपारीत राहणारा पक्षी. दाण्यामागे लांब उडणं त्याच्या अंगवळणी आहे. फुकटचं अन्न भरपूर असलं की मादी वर्षभर अंडी घालते, दर वेळी दोन. म्हणजे आपल्या मूठभर ज्वारीने कबुतर जगत नाही, कबुतरं वाढतात.

"माकडाला पाव दिला तर बिघडलं कुठे"

वानर हा पाला खाणारा प्राणी. त्याच्या पोटात कप्पे असतात आणि जिवाणू तिथे पाला आंबवून पचवतात. बिस्किटं, पाव, गोड पदार्थ त्या कारखान्यात गेले की काम बिघडतं. लाल तोंडाचं माकड काहीही पचवतं, पण तिथे बिघाड पोटाऐवजी वागण्यात होतो. टोळीत मानपान असतो. हातातून मिळणाऱ्या अन्नासाठी दांडगे नर पुढे येतात, आणि माणसाचा हात म्हणजे अन्न हे एकदा डोक्यात बसलं की पिशवी हिसकावणं ही पुढची पायरी. माथेरान-महाबळेश्वरला गेलेल्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको. दात दाखवणारं माकड हसत नसतं. ते धमकावत असतं किंवा घाबरलेलं असतं. चावा किंवा ओरखडा बसला तर साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठावा. हळद, चुना नको.

मग "वनखात्याने त्यांना पकडून लांब सोडावं" ही मागणी येते. त्यासाठी वन्यजीव कायद्यानुसार परवानगी लागते आणि ती मिळाली तरी प्रश्न सुटेलच असं नाही. याचा सर्वांत कडू अनुभव बिबट्यांच्या बाबतीत जुन्नरने घेतला. पकडलेले बिबटे दुसरीकडे सोडण्याचा धडाका 2001 ते 2003 मध्ये चालला होता. त्याआधी वर्षाला सरासरी 4 हल्ले होत. त्या काळात ते 17 वर गेले.

"बिबट्याला कोण खायला घालतं?"

आपणच, फक्त ताटात वाढून नव्हे. अकोले तालुक्यातल्या शेतशिवारात झालेल्या अभ्यासात बिबट्यांच्या आहारात वजनाने 39 टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. सगळे पाळीव आणि गावठी प्राणी धरले तर 87 टक्के. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या बोरिवली, मुलुंड, ठाण्याच्या वस्त्यांतही साखळी तीच आहे. उघडा कचरा, त्यावर पोसलेली कुत्री आणि डुकरं, आणि त्यांच्या मागावर बिबट्या. रात्री गेटबाहेर उरलेला भात ठेवणाऱ्याला आपण नेमकं कोणाला जेवायला बोलावतोय याचा पत्ता नसतो.

कुत्र्यांचा कायदा मात्र वेगळा आहे. भटकी कुत्री वन्यप्राणी नाहीत. 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार त्यांना खाऊ घालायची जागा आणि वेळ ठरवून देणं ही सोसायटीची किंवा स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. ही जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यांपासून आणि ये-जा करण्याच्या वाटांपासून दूर हवी. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये रस्त्यावर कुठेही खायला घालायला मनाई केली आणि प्रत्येक प्रभागात ठराविक जागा करायला सांगितलं. हा नियम दाखवून माकडांना केळी देता येत नाहीत. आणि उपद्रव होतो म्हणून अन्नात विष कालवणं हा कोणत्याही प्राण्याच्या बाबतीत गुन्हाच आहे; वन्यप्राणी असेल तर ती शिकार ठरते.

जाता जाता नागपंचमीबद्दल. नाग दूध पीत नाही. टोपलीतल्या नागाला कित्येक दिवस पाणी मिळालेलं नसतं, म्हणून तो समोर येईल त्या द्रवाला तोंड लावतो. शिवाय नाग बाळगणंच बेकायदा, त्यामुळे दारात आलेल्या गारुड्याला दिलेले दहा रुपये त्या गुन्ह्यालाच हातभार लावतात.

उन्हाळ्यात गॅलरीत पाणी ठेवायला कोणताही नियम आडवा येत नाही. पसरट मातीचं भांडं ठेवा, रोज घासून पाणी बदला, नाहीतर आठवड्याभरात त्यात डासांची पैदास होते. कचऱ्याचे डबे झाकलेले आणि संध्याकाळपूर्वी उचललेले असावेत, हे कमिटीकडून लिहून घ्या. आवारात वन्यप्राणी शिरला किंवा जखमी सापडला, तर गर्दी हटवा, काही खायला देऊ नका आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.