मनाचे दुखणे कोणत्या भाषेत विचारावे?

स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेण्यासाठी कुहीची बाई नागपूरला जाते, तेव्हा बरोबर नवरा, भाऊ किंवा मुलगा असतो. डॉक्टर विचारतात, "बाई, कसं वाटते आता?" उत्तर बरोबरचा माणूस देतो, "ठीक आहे जी." कागदावर 'ठीक' अशी नोंद होते. मालकासमोर उभा असलेला कामगार 'तक्रार नाही' म्हणतो, तेव्हा तक्रार नसतेच असे नव्हे, हे आम्ही संघटनेतील माणसे जाणतो. येथेही तेच आहे.

या रोगात शरीराबरोबर मनही खचते. झोप उडते, अन्न नकोसे होते. कधी उपचारही अर्ध्यावर सुटतो. हा ताण वेळीच ओळखता यावा म्हणून न्यूयॉर्कच्या विदुषी डॉ. जिमी हॉलंड व त्यांचे सहकारी यांनी १९९८ साली एक साधे साधन पुढे आणले. कागदावर थर्मामीटरचे चित्र. त्यावर ० ते १० आकडे. गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला, तेथे रोग्याने खूण करावयाची. ४ किंवा अधिक आकडा आला की पुढील चौकशी करावी, असा आज सर्वसाधारण संकेत आहे.

परंतु आकडा सर्वांचा असला, तरी शब्द सर्वांचे नसतात. १९८३ सालच्या एका प्रसिद्ध इंग्रजी प्रश्नावलीत, पोटात फुलपाखरे उडाल्यासारखी भीती वाटते काय, असा प्रश्न आहे. आपल्या बाईला तो कसा कळावा? तिच्या पोटात गोळा येतो, जीव घाबरतो! म्हणूनच भाषांतर करून ते दुसऱ्याकडून मूळ भाषेत उलटवून घेतात, आणि मग प्रत्यक्ष रोग्यांना विचारून पारखतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी युरोपात तयार झालेल्या ३० आणि २३ प्रश्नांच्या दोन प्रश्नावल्या हिंदी व मराठीतून स्तनाच्या कर्करोगाच्या स्त्रियांवर अशाच पारखल्या. तो अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. काळजी, उदासी, बदललेल्या शरीराविषयीची नाराजी हे सारे त्यांत विचारलेले आहे.

मात्र विदर्भात मराठी व हिंदी एवढ्यानेच भागत नाही. गोंडी ही तर तेलुगूच्या कुळातील द्राविडी भाषा. गोंड बाईला मराठी कागद दिला, तर तिचे मौन आपण समाधान समजून बसू.

तेव्हा मागणी साधी आहे. बाईला तिच्या भाषेत, एकटीला, एखाद्या परिचारिकेने विचारावे. दुभाषा घरचा नसावा. आणि आकडा मोठा आला, तर मदत करणारे माणूस तेथे हजर असावे. नाहीतर तक्रार लिहून घेऊन फाईल बंद करण्यासारखेच ते होईल.