पाण्याची गोष्ट (भाग 5): कूलरच्या गवतावरचा चुना

मे संपता संपता जळगावातल्या एखाद्या घरचा कूलर उघडून पाहावा. उन्हाळ्याच्या तोंडी घातलेलं पिवळं गवत पांढरं पडून कडक झालेलं असतं. बोटांनी चोळलं की भुकटी सुटते आणि तिच्यावर लिंबू पिळलं की फसफसते.

बाहेर पारा 45 अंशांवर असताना कूलरचा वारा गार लागतो, तो पाण्याच्या चिवटपणामुळे. मागच्या भागात पाहिलेले हायड्रोजन बंध रेणूंना धरून ठेवतात आणि ती पकड सुटून वाफ व्हायला भरपूर उष्णता लागते. एक लिटर पाणी 20 अंशांवरून उकळीपर्यंत आणायला 80 किलोकॅलरी पुरतात; तेवढंच पाणी उडून जायला त्याच्या सुमारे सातपट लागतात. कूलरमध्ये ही उष्णता हवेतून घेतली जाते. खानदेशातली उन्हाळी हवा कोरडी, म्हणून हे जमतं. जूनमध्ये ढग दाटले की तोच कूलर नुसता चिकट वारा फेकत बसतो. माणसाचा घाम आणि केळीचं पान यांचाही हिशोब हाच.

उडून जातं ते मात्र निव्वळ पाणी. त्यात विरघळलेलं सगळं गवतावरच राहतं.

ते पाण्यात येतं जमिनीतून. मुरणारा पाऊस वाटेत कार्बन डायऑक्साइड उचलतो. मुळं आणि मातीतले जीवाणू श्वसनातून तो सतत सोडत असतात. पाणी किंचित आम्लधर्मी होतं. खानदेशाच्या बुडाशी काळा बेसाल्ट, तापीकाठी त्यावर गाळाचे जाड थर, थरांत चुनखडीचे खडे. त्यांतून पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडवून घेतं. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन, दुसरी किंचित ऋण असते. त्यामुळे क्षारांच्या आयनांना चहूबाजूंनी घेरून ते वेगळं ठेवू शकतं.

याच गुणावर रावेर-यावलची केळी पोसते. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण झाडाला मानांकनाशी काय देणंघेणं! त्याला पालाश हवं, तेही भरपूर, आणि मूळ काही पोटॅशचा खडा चावत नाही. खत विरघळून त्याचे आयन झाले तरच ते आत जातं. म्हणून ठिबकच्या पाण्यातूनच खत सोडायचं.

अडचण तिथेच सुरू होते. ठिबकची काळी नळी उन्हात तापते. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. कॅल्शियम कार्बोनेटचं, म्हणजे कूलरच्या गवतावरच्या त्याच चुन्याचं, उलट. पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुना खाली बसतो, नेमका ड्रिपरच्या बारीक तोंडाशी. मग एका झाडाला पाणी पोहोचतं, शेजारचं कोरडं. यावर उपाय ॲसिडचा: पाण्याचा सामू 4 च्या आसपास उतरेल इतकं आम्ल सोडायचं, ते काही काळ नळ्यांत मुरू द्यायचं, मग टोकाची बुचं काढून नळ्या धुऊन काढायच्या. मिसळताना आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीही नाही. नाहीतर मिश्रण उसळून अंगावर येतं. पांझरा नदीवरच्या शेकडो वर्षं जुन्या फड पद्धतीला हा व्याप नव्हता. बंधाऱ्यातून पाट, पाटातून चारी. चुना अडकायला बारीक भोकच नाही.

पाण्यात विरघळलेल्या याच कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येतो तो 'जडपणा'. पिण्याच्या पाण्यात तो लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालेल, असं भारतीय मानक सांगतं. स्वयंपाकघराला तो ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. वरण-बट्टीचा बेत असेल आणि विहिरीच्या पाण्यात तूरडाळ तासभर टणक राहिली, तर कॅल्शियमनं डाळीच्या पेशीभित्तिकांतलं पेक्टिन घट्ट बांधून ठेवलेलं असतं. पेशी सुट्या होत नाहीत, डाळ मऊ होत नाही. चिमूटभर सोडा घातला की ती बांधणी सैल होते, वरणाची चव थोडी बिघडते खरी.

पुढच्या आठवड्यात: जानेवारीच्या थंडीत केळीबागेला रात्री पाणी का देतात?