समाचारास जाताना

आजाऱ्याच्या समाचारास जाणे ही आपली जुनी रीत. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या आपल्या कुटुंबांनी तर ती अधिकच जिव्हाळ्याने जपली आहे. परंतु या रीतीलाही कधी मुरड घालावी लागते, हे मला माझ्या एका विद्यार्थ्यामुळे कळले.

सहावीतला तो मुलगा रक्ताच्या कर्करोगाने रुग्णालयात होता. वर्गातील चार मुले आणि फुलांचा गुच्छ घेऊन मी गेलो. दारातच परिचारिकेने अडविले. "सर, फुले बाहेर राहू द्या. मुलांनी काचेतूनच पाहावे. आपणही आधी हात धुवा." मी मनातून दुखावलो. पुढे डॉक्टरांनी कारण सांगितले, तेव्हा मात्र ओशाळलो.

कर्करोगावरील औषधे रोगट पेशींबरोबर अस्थिमज्जेतील निरोगी पेशींनाही मारतात. जंतूंशी प्रथम झुंजणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी एरवी रक्ताच्या एका घनमिलिमीटरात हजारोंनी असतात. त्या ५०० च्या खाली उतरल्या की आपल्याला निरुपद्रवी असणारा जंतूही अशा बालकाचा प्राण घेऊ शकतो. लढणारेच उरले नसल्याने सूज वा पू दिसेलच असे नाही. पुष्कळदा ताप हीच एकमेव सूचना असते. म्हणून अशा मुलास ताप येताच, घरी असले तरी, सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

जिथे बरे व्हायचे तिथेच जंतूंचे भय अधिक, हे दुर्दैव खरे. शिरेत बसविलेली नळी, फुलदाणीतले साचलेले पाणी, बांधकामाच्या धुळीतून येणारी बुरशी, पाहुण्याची किरकोळ सर्दी, हे सारे जंतूंचे मार्ग. मात्र सर्वांत रुळलेला मार्ग आपल्या हातांचा! १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात सेमेलवाइस या डॉक्टराने सहकाऱ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवावयास लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तरीही त्या काळच्या अनेक वैद्यांना ते पटले नाही; मानी माणसाला आपलेच हात अस्वच्छ असल्याचे ऐकवत नाही. दारात मीही तसाच दुखावलो होतो!

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साबणाने हात धुण्यास ४० ते ६० सेकंद पुरतात. तेवढे आपण द्यावेत. सर्दी-खोकला असल्यास जाऊच नये. आणि डॉक्टरांनी हात धुतले का, असे आईबापांनी नम्रपणे विचारण्यात मुळीच संकोच मानू नये.

त्या दिवशी मुलांनी काचेपलीकडून हात हलविले; आतून एक कृश हात हलला. समाचार पोहोचला होता.