मॅक्रो, निनावी फंक्शन आणि 'केव्हा' हा प्रश्न

मागच्या व्याख्यानात आपण शब्द आणि अर्थ यांतला भेद पाहिला. आज तोच भेद कॉमन लिस्प या संगणकभाषेत पाहू.

'संख्या घ्या, तिचा वर्ग द्या' हा नियम झाला. त्याला नाव दिलं नाही, तर ते निनावी फंक्शन. अलोन्झो चर्च यांनी १९३०च्या दशकात अशा नियमांसाठी लॅम्डा हे चिन्ह वापरलं, आणि जॉन मॅकार्थी यांच्या लिस्पने ते उचललं. मॅक्रोची कल्पना लिस्पमध्ये टिमोथी हार्ट यांनी १९६३ साली मांडली.

आता पाणिनीचा संकेत आठवा. घरात 'अग्नी आण' म्हटलं की निखारे येतात. व्याकरणात 'अग्नीला प्रत्यय लाव' म्हटलं, तर निखाऱ्याला कोणी प्रत्यय लावत नाही. तिथे शब्दाचं रूपच घ्यायचं. फंक्शन आणि मॅक्रो यांत हाच फरक आहे. फंक्शनच्या हाती मूल्य येतं, मॅक्रोच्या हाती लिहिलेली रचना. शिवाय मॅक्रो कंपाइल होतानाच चालतो आणि त्या रचनेच्या जागी दुसरी ठेवतो.

समजा, १ ते १० यांचे वर्ग हवेत. वर्गाचं निनावी फंक्शन आपण मॅक्रोला दिलं. मॅक्रोला मिळाली नुसती यादी. तिचं फंक्शन करून ते दहा वेळा त्यानेच चालवायचं. तयार प्रोग्रॅममध्ये मग फंक्शन उरत नाही, उरतात १, ४, ९ पासून १०० पर्यंतचे आकडे. मात्र ही यादी अवतरणचिन्हात ठेवूनच परत द्यावी लागते. नाही दिली, तर लिस्प १ला फंक्शनचं नाव समजतं आणि अडतं. पुन्हा तोच प्रश्न: उच्चार की वापर?

खरी गोम काळाची आहे. कंपाइल होताना वापरणाऱ्याने टाइप केलेला आकडा अजून आलेलाच नसतो. भोवतालच्या फंक्शनमधल्या चलांनाही मूल्य नसतं. अशा मॅक्रोत आजची तारीख विचारली, तर कंपाइल झालं त्या दिवसाची तारीख गोठते. वर्षभराने प्रोग्रॅम चालवा, तो तीच 'आजची' म्हणून सांगेल, आणि चूक झाल्याचा कुठलाही इशारा मिळणार नाही.

म्हणून गणित आधी उरकण्याआधी आपण विचारायचं: हे उत्तर कधी बदलणार आहे का? वर्ग बदलत नाहीत, तारीख बदलते. पहिलं मॅक्रोकडे द्यावं, दुसरं चालत्या प्रोग्रॅमकडे.