आळशी म्हणण्याआधी घड्याळ पाहू या

रुग्णालयात सकाळी सातला पाळी बदलते. पन्नाशीच्या मावशी आल्या आल्या चार पलंगांच्या चादरी बदलून मोकळ्या होतात. बावीस-तेवीस वर्षांचा नवा वॉर्डबॉय मात्र जांभया देत बादली भरत असतो. "आजकालची पोरं कामचुकार!" मावशी पुटपुटतात. दुपारी जेवणानंतर मावशींचे डोळे मिटू लागतात आणि तोच मुलगा स्ट्रेचर ढकलत सगळे मजले पालथे घालतो. "मावशींना आता झेपत नाही," असे तो सोबत्याला सांगतो. असे प्रसंग आपल्या घरातल्या अनेकांनी कामावर पाहिले असतील. आम्हांला वाटते, येथे दोघांचेही चुकते.

प्रत्येकाच्या शरीरात एक घड्याळ असते. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसा जेथे एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून तो दिवस-रात्र ओळखतो आणि झोप, भूक, अंगातली ऊब यांचे वेळापत्रक सांभाळतो. पेशींमधले हे घड्याळ कसे चालते, हे फळमाशीवर संशोधन करून दाखविणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हे घड्याळ सर्वांचे सारखे नसते. काहींचे जन्मतःच पुढे, काहींचे मागे. वयाप्रमाणेही ते सरकते. तरुणपणी रात्री उशिरापर्यंत झोप येत नाही, सकाळी उठवत नाही. वय वाढले की पहाटेच जाग येते. म्हणजे मावशी काही मुद्दाम मेहनती नाहीत आणि मुलगा मुद्दाम आळशी नाही.

काही वेळा मात्र बहुतेकांना जड जातात. दुपारी एक ते तीनच्या दरम्यान सुस्ती येते. रातपाळीत पहाटे तीन ते पाच हा काळ सर्वांत कठीण. अंगाची ऊब तेव्हा उतरलेली असते, लक्ष सुटते, हातून चूक होते. रुग्णालयात अशी चूक एखाद्याच्या जिवावर बेतू शकते.

मग करावे काय? सकाळी ज्याचा हात चालतो त्याने झाडलोट, चादरी, रुग्णांच्या आंघोळी पुढे होऊन कराव्यात. दुपारची धावपळ दुसऱ्याने घ्यावी. पहाटे रक्ताचा नमुना न्यायचा असेल, ऑक्सिजनचा सिलिंडर बदलायचा असेल, तर दोघांनी मिळून पाहावे. बाटलीवरचे नाव एकाने वाचावे, दुसऱ्याने कागदाशी ताडून घ्यावे. पाळ्या बदलत्या असतील तर सकाळ, मग दुपार, मग रात्र हा क्रम शरीराला त्यातल्या त्यात सोसतो. उलटा क्रम जड जातो. सर्वांनी मिळून हे मुकादमाला सांगावे. एकट्याने सांगितले तर ती तक्रार ठरते, सर्वांनी सांगितले तर ती सूचना होते.

घरच्यांचेही काम आहे. रातपाळी करून आलेल्या माणसाची झोप दिवसा कमीच होते. खिडकीला पडदा लावावा, टीव्हीचा आवाज बारीक ठेवावा. पाळी संपण्याच्या चार-पाच तास आधीपासून चहा टाळला तर झोप लवकर लागते.

मात्र एखादी बाई किंवा बाप्या सगळा दिवसच थकलेला दिसत असेल, तर ते केवळ घड्याळाचे कारण नव्हे. अंगात रक्त कमी असेल, साखर वाढली असेल. त्यांना दवाखान्यात न्यावे, टोमणे मारू नयेत.

माणूस नीट पाहण्याआधीच त्याच्यावर शिक्का मारला जाण्याचे दुःख आपल्या घरांना नवे नाही. तोच शिक्का आपण शेजारी काम करणाऱ्यावर मारू नये. उद्या पाळीवर गेल्यावर सोबत्याला एवढेच विचारा : "तुला कोणती वेळ जड जाते?" आणि आपली वेळही त्याला सांगा. कामाची वाटणी तेथूनच सुरू होईल.