इंजिनाची ताकद आणि कंपनीची हमी

उसाच्या हंगामात ट्रॅक्टरचा डिझेल-पंप ‘वाढवून’ घेणारे लोक तुम्ही पाहिले असतील. मिस्त्री येतो, पंपाचे सील तोडतो, स्क्रू थोडा फिरवतो. ट्रॅक्टर काळा धूर ओकू लागतो आणि भरलेली ट्रॉली चढावर ओढून नेतो. इंग्लंडात राहणारा माझा एक शाळासोबती 2004 साली हाच खटाटोप आपल्या नव्या मोटारीवर करू पाहत होता. त्याने मला लिहिले, ‘तू अर्थशास्त्र शिकवतोस ना? मग सांग, करू की नको?’ यंत्रशास्त्र काही माझा विषय नव्हे. पण प्रश्न निम्मा यंत्राचा आणि निम्मा हिशेबाचा होता. त्या निमित्ताने जे वाचले, ते तुम्हांला सांगतो.

त्याची गाडी होती मिनी कूपर एस. या नावातच फेरफाराचा इतिहास आहे. मूळची मिनी 1959 साली निघाली. इंजिन 848 सी.सी., ताकद 34 अश्वशक्ती. साधी, स्वस्त, कुटुंबाची गाडी. जॉन कूपर हा शर्यतीच्या मोटारी बांधणारा गृहस्थ. त्याच्या हाती ती पडली आणि 1961 साली मिनी कूपर तयार झाली : 997 सी.सी., दोन कार्ब्युरेटर, 55 अश्वशक्ती. पण माझे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. ताकद वाढवताना कूपरने पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही बसवले. पुढे 1963 साली कूपर एस आली, तेव्हा ब्रेक आणखी मोठे झाले आणि क्रँकशाफ्ट खास कठीण केलेल्या पोलादाची झाली. त्याच इवल्याशा गाडीने 1964 साली माँटे कार्लोची अवघड रॅली जिंकली. बैल जोरकस आणले तर जू आणि साखळीही तशीच पाहिजे, हे आपल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

आता माझ्या मित्राची गाडी. ती नव्या पिढीची, 1.6 लिटर इंजिनाची, 163 अश्वशक्तीची. तिच्यात सुपरचार्जर होता, म्हणजे हवा दाबून इंजिनात कोंबणारे यंत्र. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. तेव्हा हवा जास्त कोंबली तरच पेट्रोल जास्त जाळता येते आणि ताकद वाढते. हा सुपरचार्जर इंजिनावरच्या पट्ट्याने फिरतो. पिठाच्या गिरणीत उभे राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे की, पट्ट्याची पुली लहान केली की ती जलद फिरते. मित्राला तेवढेच करायचे होते. एक लहान पुली, काम दोनचार तासांचे.

मग कंपनीनेच ती लहान का बसवली नाही? इथेच खरी गोम आहे. हवा दाबली की तापते. तापलेल्या हवेत, ठिणगीने पेटवलेली ज्योत पोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते. इंजिनातून टक्‌टक्‌ असा आवाज येतो. तो चालू राहिला तर पिस्टन फुटतात. नव्या गाड्यांत हा ठोका ओळखून ठिणगी उशिरा पाडणारा संगणक असतो. तो इंजिन वाचवू पाहतो, पण त्याबरोबर पैसे मोजून मिळवलेली ताकदही काढून घेतो! कंपनी आपली गाडी कोणाच्या हाती जाईल हे जाणत नाही. कोणी हलके पेट्रोल भरील, कोणी वेळेवर तेल बदलणार नाही, कोणी भर उन्हात घाट चढील. त्या सर्वांसाठी तिने इंजिनात थोडी शिल्लक राखलेली असते. लहान पुली बसवणारा नवी ताकद निर्माण करत नाही. तो ही शिल्लक खर्च करतो.

त्याच सुमारास जॉन कूपरच्या मुलाने, माइक कूपरने, याच गाडीसाठी 200 अश्वशक्तीचा संच काढला होता. त्यात सुधारलेला सुपरचार्जर होताच. पण सुधारलेले सिलिंडर हेड, नवा एग्झॉस्ट आणि संगणकाची नवी मांडणीही होती. अधिकृत विक्रेत्याकडून तो बसवला तर कंपनीची हमी कायम राहत असे. अर्थात, तो नुसत्या पुलीपेक्षा पुष्कळच महाग. मी मित्राला लिहिले, ‘जादा किंमत सगळी लोखंडाची समजू नकोस. इंजिन फुटले तर भुर्दंड दुसऱ्याने सोसायचा, याचे मोलही तीत आले.’

हमी कधी जाते, याबद्दल बरेच गैरसमज आहेत. अमेरिकेत 1975 सालचा मॅग्नुसन-मॉस कायदा आहे. बाहेरचा भाग बसवला एवढ्याच कारणाने हमी नाकारता येत नाही. त्या भागामुळे बिघाड झाला हे दाखवावे लागते. म्हणजे पुली बदललेल्या गाडीच्या खिडकीची काच अडकली तर हमी शाबूत. पिस्टन फुटला तर मात्र बोट पुलीकडेच जाणार. आपल्याकडे प्रश्न हमीपाशीच थांबत नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानुसार, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून नोंदणीचा तपशील वेगळा पडेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या जानेवारीत हे पुन्हा स्पष्ट केले. मोटारसायकलची मूळ नळी काढून फटाके वाजवत हिंडणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना हे कोणीतरी सांगायला हवे.

मित्राने संच घेतला नाही आणि पुलीही तेव्हा बसवली नाही. हमीची मुदत संपेपर्यंत तो थांबला. मग आधी टायर आणि ब्रेक बदलले, विमा कंपनीला लेखी कळवले, जुने इंजिन विकत घेता येईल एवढी रक्कम बँकेत बाजूला टाकली आणि त्यानंतर पुली बसवली. आता किती वेगाने हाकतोस, असे मी विचारले. त्याचे उत्तर आले, ‘इथल्या मोठ्या रस्त्यावर मर्यादा सत्तर मैलांची आहे. तेवढीच हाकतो. पण सत्तरला पूर्वीपेक्षा लवकर पोचतो!’