वगळलेल्या पानांचा प्रश्न

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील डेटन या गावी जुलै १९२५ मध्ये जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला चालला. मनुष्य खालच्या प्राण्यांपासून उत्क्रांत झाला, असे शिकविण्यास मनाई करणारा बटलर कायदा त्याने मोडला, हा आरोप होता. त्याला शंभर डॉलर दंड झाला. १९२७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तांत्रिक कारणावरून शिक्षा रद्द केली. कायदा मात्र कायम ठेवला.

या खटल्याने सृष्टिनिर्मितीवाद्यांचे हसे झाले, हे खरे. परंतु पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशकांनी वाद टाळण्यासाठी उत्क्रांतीचा उल्लेखच आक्रसून टाकला. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला, अमेरिकेला आपल्या विज्ञानशिक्षणाची चिंता वाटू लागली, आणि त्यानंतर डार्विन पाठ्यपुस्तकांत ठळकपणे परतला.

उघड विरोध पुढे न्यायालयांत हरत गेला. १९६८ मध्ये आर्कान्सासची बंदी घटनाबाह्य ठरली. मग ‘सृष्टिविज्ञाना’ला समान वेळ देण्याची मागणी पुढे आली, लुईझियानाचा तसा कायदा १९८७ मध्ये रद्द झाला. ‘बुद्धिमान रचना’ या नव्या नावाने आलेला तोच विचार २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील डोव्हरच्या निकालाने अडविला.

आपल्याकडे २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत डार्विनचा सिद्धान्त चुकीचा ठरविला, तेव्हा देशातील विज्ञान अकादमींनी तत्काळ आक्षेप घेतला. दहावीच्या एनसीईआरटी पुस्तकातील ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणाचे मात्र केवळ ‘आनुवंशिकता’ झाले ते महासाथीनंतर अभ्यासाचा भार हलका करण्याच्या नावाखाली. एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून अधिक वैज्ञानिक व शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र लिहिले. हा विषय बारावीच्या जीवशास्त्रात आहे, असे उत्तर मिळाले. परंतु दहावीनंतर बहुसंख्य विद्यार्थी जीवशास्त्र घेतच नाहीत.

दोन्ही देशांतील कारणे भिन्न आहेत, आणि आपल्या निर्णयामागे धार्मिक हेतू होता असे गृहीत धरण्याचे कारण नाही. परिणाम मात्र एकच: न शिकविलेली गोष्ट कोणाला खटकत नाही. बंदीविरुद्ध न्यायालयात जाता येते. वगळलेल्या पानांविरुद्ध दाद मागणे अवघड असते. म्हणून पाठ्यपुस्तकातून एखादा मूलभूत सिद्धान्त काढताना कोणत्या तज्ज्ञांनी, कोणत्या कारणास्तव तो काढला, हे जाहीर करणे बंधनकारक असावे. नवी पाठ्यपुस्तके तयार होत असताना एवढी अपेक्षा वाजवी आहे.